आठवी ओळ

सगळं एका अक्कलदाढेपासून निघालं.
करुणा उईके, वय एकोणीस, आष्टीकडची.
दाढ काढली तेव्हा हिरडीचा तांदळाएवढा तुकडा
आम्ही मागून घेतला, सही घेऊन.
तोंडात बोळा धरूनच तिनं विचारलं,
किती दिवस जगन तो?
मी म्हटलं, बघू.

ती लग्न होऊन पांढरकवड्याला गेली.
तिच्या पेशी इथंच आहेत,
पाचव्या पिढीत,
सदतीस अंशांवर,
बाहेर शेचाळीस असताना.
लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतची वीस सेकंदं
मी इन्क्युबेटरच्या दारावर हात ठेवून उभी राहते,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

प्लेटीत शहाण्णव खळगे.
एकेकात दहा हजार पेशी.
वरून थेंब, रक्त थांबवणाऱ्या औषधांचे:
एक जेल, निळं, ॲल्युमिनियमचं,
एक लोखंडाचं, तपकिरी,
जुन्या बादलीच्या बुडाशी साचतं तसलं.
दात घासून टोपी बसवायची, माप घ्यायचं,
तेवढ्यात हिरडी ओघळते अन् माप बिघडतं.
हे लावलं की दोन मिनिटांत थांबतं.
थांबतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.
थांबवताना खाली कोण मेलं,
एवढंच मला मोजायचंय.

बाबा चाळीस वर्षं वायगावच्या बाजारात
खुर्ची मांडून बसलेले.
त्यांना सांगितलं तर म्हणाले,
"रक्त थांबलं ना? मंग कायले पायतं वं खाली?"
त्यांच्या पेटीत तुरटीचा खडा,
घासून घासून साबणाच्या चिपेएवढा झालेला.
वस्तरा लागला की तो टेकवायचा.
गिऱ्हाईक चरकतं, मान आखडतं,
बाबा म्हणतात, झालं, झालं.
तीसुद्धा ॲल्युमिनियमच, बाबा.
"असन."

मी त्याचा एक कोपरा तोडून घेतला, न विचारता.
मे महिन्यातल्या एका शनिवारी,
कोणी नसताना, विरघळवून, गाळून,
कागदावर नसलेल्या आठव्या ओळीत घातला:
डावीकडे घट्ट, उजवीकडे पातळ, आणखी पातळ.

चोवीस तासांनी पिवळं द्रावण घालायचं,
अगदी वायगावच्या हळदीचं पाणी.
जी पेशी जिवंत, ती ते पिवळं पचवते
आणि जांभळी होते.
मेलेली काही करत नाही.
मधले चार तास मी डबा उघडला, झाकला,
परत उघडला. भाजी आंबली होती.

लोखंडाच्या रांगा पिवळ्याच राहिल्या.
जेलच्या अर्धवट,
धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याच्या रंगाच्या.
आणि आठवी:
डावीकडे पिवळी,
मग मळकट,
मग जसजसं पाणी वाढत गेलं तसतशी
पिकल्या जांभळासारखी गर्द.
ठाकरे सरांनी चष्मा वर केला. एच ओळीत काय आहे?
काही नाही सर, हात बसावा म्हणून.

रात्री घरी सांगितलं.
खडा तसाच मारतो, बाबा. पाण्यातला जगू देतो.
ते वस्तरा पट्ट्यावर ओढत होते. थांबले नाहीत.
"मले मालूम हाये.
म्हणून तं अगुदर वाटीत बुडवतो.
कोरडा लावला तं माणूस मागच्या जन्मातलं बोलते."
मग जरा वेळानं,
"कोपरा तूच तोडला काय?"

अहवालात 'सुरक्षित' हा शब्द
मी तीनदा लिहिला, तीनदा खोडला.
किती, कशात, किती वेळ,
असं विचारत विचारत
तो पानभर लांबला आणि मग सरांनी छाटला.

करुणाला फोन लावला.
मागे तिचं लेकरू रडत होतं.
"जगून हाये काय वं ताई, तो तुकडा?"
हो म्हटलं.
कोणत्या खळग्यातला,
ते सांगितलं नाही.